दोनशे निळ्या चटया

११ जानेवारी, रविवार
भुजच्या पुढं, कच्छ

ओंकार,

कागदाच्या माथ्यावर श्री लिहायचं का ७८६, ह्यावरून तू मला एकदा तालमीत सगळ्यांसमोर हसला होतास. म्हणून वर काहीच लिहीत नाही. खाली नाव घालीन तेवढं बास.

खाजाभाईनं फोनवर तुझा निरोप वाचून दाखवला. जेवणाची सुट्टी होती, मी सोलरच्या पॅनेलच्या सावलीत बसलो होतो. "आदिलला सांगा, बारा एप्रिलला संस्थेची माणसं पुन्हा येणार आहेत. त्याच्याशिवाय गाव बसत नाही. त्यानं चार दिवस आधी यावं, चटया गोळा कराव्यात. पोस्टमनचा प्रवेश मी नाटकात परत घालतो." खाजाभाईनं हे दोनदा वाचलं. मला ऐकू आलं नाही असं त्याला वाटलं. ऐकू आलं होतं.

पोस्टमनचा प्रवेश! तुला दुसरं काही सुचतच नाही का रे?

तुला बराच विसर पडलेला दिसतो, म्हणून पहिल्यापासून लिहितो. तू पुण्याहून नाटकाचं शिकून आलास आणि म्हणालास, आपल्या आठवडे बाजाराच्या ओट्यावर महिन्याला एक खेळ करायचा. तिकीट नाही, गावच्या माणसांसाठी. मी तेव्हा खाजाभाईच्या टेम्पोवर होतो. मंडप त्याचा, माईक त्याचा, तोंड माझं. पार राहात्यापर्यंत भोंगा लावून ओरडलो. पहिल्या खेळाला अकरा माणसं. त्यातल्या चार भाजीवाल्या, त्यांचा माल आवरायचा राहिला होता म्हणून थांबलेल्या. तू पायरीवर बसून म्हणालास, "आपल्या लोकांना नाटक कळत नाही." दुसऱ्या खेळाला नऊ आली. तू तेच म्हणालास.

मी म्हणालो, कळायचं नंतर बघू, आधी बसायचं बघू.

बायांना यायचं असतं ओंकार. पण दारातून पाय कसा काढायचा? "कुठं निघालीस" म्हणून सासू विचारती, तेव्हा काहीतरी सांगाया लागतं. नाटकाला जाते म्हणायची लाज वाटते. पण "आपली चटई तिकडं गेलीय, आणायला जाते" असं म्हणता येतं. घरची वस्तू आणायला कोण नाही म्हणणार? म्हणून मी आदल्या दिवशी टेम्पो घेऊन दारोदार फिरलो आणि प्रत्येक घरातून बसायचं एक काहीतरी मागून घेतलं. चटई, सतरंजी, शिवलेली पोती, जे असेल ते. ओट्यापुढं ओळीनं टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी भोंग्यावर एवढंच ओरडलो, "टाकलेली चटई जिची तिनंच उचलायची! दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई!"

त्या खेळाला सत्तर जणी आल्या. आणायला आल्या आणि बसल्या.

पुढं एकशे चाळीस चटया झाल्या. मालनबाईचा तर निवडणुकीचा जुना फ्लेक्स होता, ती उमेदवाराच्या बरोबर तोंडावर बसायची. "पाच वर्सं आमच्या डोक्यावर बसलाय, दोन तास म्या बसते," म्हणायची. तू पण हसला होतास त्याला.

आणि आता खाजाभाई सांगतो, की मागच्या महिन्यात तू श्रीरामपूरहून दोनशे नव्या चटया आणल्यास. सगळ्या एकसारख्या, निळ्या. मैदानभर अंथरल्यास आणि वाट बघितलीस. अठरा माणसं आली. खाजाभाई सांगताना हसत होता, मला हसू आलं नाही. ओंकार, तीन वर्षं तू माझ्याबरोबर होतास ना रे? त्या निळ्या चटया कुणाच्या घरातून गेल्या होत्या? त्या आणायला कोण येणार होतं?

तुझ्या मोठ्या खेळाच्या दिवशी संस्थेच्या पाहुण्यांच्या खुर्च्या पुढं घालायच्या म्हणून आमच्या गल्लीच्या चार रांगा उचलल्या गेल्या आणि जनरेटरपाशी टाकल्या गेल्या. माझ्या आईची चटई त्यात होती. त्याला तेरा महिने झाले. मी तुला तेव्हाच म्हणालो होतो, खुर्च्या मागं लाव, मागून जास्त दिसतं. तू ऐकलं नाहीस.

मी येणार नाही. ज्यानं उचलायला लावल्या त्यानं गोळा कराव्यात.

आदिल

फोनवर तू मेसेज वाचतोस आणि गप बसतोस. कागद फाडायला तरी हात हलवावा लागतो, म्हणून पत्र.


२५ जानेवारी, रविवार
कच्छ

ओंकार,

पंधरा दिवस झाले. उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी दुपारी गेटवरच्या वॉचमनला विचारून येतो. तो झारखंडचा आहे. म्हणतो, "किसका इंतजार है, घरवाली का?" मी म्हणतो, हो.

आज दुसऱ्या कामासाठी लिहितोय. खाजाभाईनं तुझ्या संस्थेच्या पुस्तकाचे फोटो पाठवले. त्याच्या दुकानात तूच ठेवून गेलास म्हणे, दहा प्रती. इथं नेट चालत नाही, पाण्याच्या टाकीवर चढलं की चालतं. टाकीवर बसून एकेक पान उघडलं. माझं वाचन तुला माहीत आहे, सातवीतनं सुटलो, त्यात पुस्तकातलं मराठी. बोट ठेवून ठेवून वाचलं.

"चटई पद्धत. ग्रामीण प्रेक्षक घडवण्याचा एक प्रयोग. संकल्पना, ओंकार." त्याच्याखाली तुझा फोटो, कुर्ता घातलेला, ओट्यावर हात टेकून. चौथ्या पानावर एका चटईचा मोठा फोटो. हिरवी, एक कोपरा जळका. तो कोपरा कसा जळला ते तुझ्या संस्थेला माहीत आहे का? शेजारी सुमैराच्या लग्नात आईनं त्या चटईवर बसून चुलीपुढं दोन दिवस पोळ्या लाटल्या, तेव्हा निखारा पडला. फोटोच्या खाली लिहिलंय, "लोकसहभागाचे प्रतीक." शेवटच्या पानावर आभार. नगरच्या कुणा साहेबांचे, तुझ्या कॉलेजचे, आणि "स्थानिक तरुणांचे."

मी स्थानिक तरुण. बरं.

एवढ्यानं मला लागलं नसतं. मी कुठंच टिकत नाही हे तुला ठाऊक आहे. साखर कारखान्यात एक गाळप हंगाम, भिंगारला गॅरेजात चार महिने, शिर्डीला लॉजवर दोन. ओट्यावर तीन वर्षं टिकलो. आई लोकांना सांगायची, "मेरे बेटे कू नाटक ने बांध के रख्या." आपण कशाचे तरी आहोत असं मला तेवढंच वाटलं होतं. ते नाव तू घेतलंस, घे. पण ज्या चटईचा फोटो छापलास, तिचं काय झालं ते पुस्तकात का नाही?

ते मी लिहितो. तू छाप.

सुमैरा आमच्या शेजारची सून. तिची सासू तिला गल्लीच्या बाहेर पाठवत नव्हती. पीठ आणायला पण नवराच जायचा. आई तिच्या सासूकडं तीन महिने जात राहिली. रोज एकच बोलणं, माझ्या चटईवर बसेल, माझ्याबरोबर येईल, माझ्याबरोबर जाईल, जबान देते. शेवटी ती म्हातारी म्हणाली, "सकीना, तेरे भरोसे पे." तेव्हापासून सुमैरा नऊ खेळांना आली. नवव्या खेळानंतर ती आईला म्हणाली होती, नाटकातल्या त्या सुनेच्या जागी मी असते तर असं बोलले नसते, मी दुसरंच बोलले असते. आईनं मला सांगितलं, मी तुला सांगितलं. तू म्हणालास, वा, हा खरा प्रेक्षक! आणि वहीत लिहून घेतलंस. ते पण पुस्तकात आहे, सातव्या पानावर, नाव न घेता.

त्या मोठ्या खेळाच्या दिवशी सव्वासहाला आमच्या गल्लीच्या बाया आल्या. पुढं पांढऱ्या कापडाच्या खुर्च्या. त्यांच्या चटया जनरेटरच्या मागं ढिगात, आणि जनरेटरमधून डिझेल ठिबकत होतं. मी पडद्यामागं होतो. आईचा आवाज मला ऐकू आला. ती तुला विचारत होती. चिडून नाही. तुझ्याशी ती मराठीतच बोलायची, "बाळा, आमची जागा कुणी काढली?"

आणि तू म्हणालास, "मावशी, मला काही कल्पना नाही. आदिलनं उचलल्यात. त्यालाच विचारा."

मला काही कल्पना नाही. हे वाक्य मी टाकीवर बसून पण ऐकतो.

आदिल


८ फेब्रुवारी, रविवार
कच्छ

ओंकार,

मधले दोन रविवार मी हे लिहायचं टाळलं. एक रविवार कपडे धुतले, एक ओडिशाच्या पोरांबरोबर पत्ते खेळलो. तू उत्तर दिलं असतंस, भांडला असतास, तर हे लिहायची पाळी आली नसती. तू गप आहेस म्हणून माझंच मला ऐकू यायला लागलंय.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की खुर्च्या मागं लाव असं मी तुला म्हणालो होतो. म्हणालो नव्हतो. ते मला आठ दिवसांनी गाडीत सुचलं, इकडं येताना. तेव्हा मी तुला मनातल्या मनात म्हणालो, आणि पुढं ते इतक्या वेळा म्हणालो की खरंच म्हणालो असं वाटायला लागलं.

खरं असं झालं. पाच वाजले होते. तू पळत आलास, अंगावर नवा कुर्ता. म्हणालास, "आद्या, गाड्या राहात्यातून निघाल्यात. पुढच्या चार रांगा उचल." मी म्हणालो, "त्या आमच्या गल्लीच्या हायेत." तू म्हणालास, "माहीत आहे मला. तुझ्याच गल्लीच्या आहेत म्हणून तुला सांगतोय. दुसऱ्यांच्या उचलल्या तर बोंब होईल. तुझं ऐकतील." आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "आणि हे बघ, आज दुसऱ्या अंकात पोस्टमन तू करतोयस. अजिनाथला मी सांगितलंय, तो आज थांबेल. ड्रेस आत ठेवलाय."

दोन वर्षं मी तुझ्याकडं ते काम मागत होतो. सात वाक्यं. माझा उच्चार बरोबर नाही म्हणून दिलं नव्हतंस. सातही वाक्यं मला पाठ होती, टेम्पो चालवताना म्हणायचो. एकदा मोठ्यानं म्हणत होतो तर श्रीरामपूरच्या फाट्यावर ट्रॅफिक हवालदारानं थांबवलं, म्हणाला, कुणाशी भांडतोस?

मी उचलल्या, ओंकार. माझ्या हातानं. चार रांगा, छत्तीस चटया. तूही वाकला नाहीस आणि मी पण कुणाला मदतीला बोलावलं नाही, कारण कुणी बघायला नको होतं. आईची चटई मी सगळ्यांच्या खाली घातली, म्हणजे वरून दिसणार नाही. मनात म्हणालो, पाहुणे बसले की बाजूला टाकू. आणि मग ड्रेस घालायला पळालो. खाकी शर्ट, टोपी, खांद्याला पिशवी. आरशात बघितलं. बरा दिसत होतो.

म्हणून तू आईला सांगितलंस ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. तुझं अर्धं तू खाल्लंस. मी पडद्यामागं होतो, दोन पावलं बाहेर आलो असतो तर पुरलं असतं. "अम्मी, ओंकारनं सांगितलं, मी उचलल्या" एवढंच म्हणायचं होतं. मी आलो नाही. का माहीत आहे? मी ड्रेसमध्ये होतो. ड्रेसमध्ये पडद्याबाहेर यायचं नाही, हा तूच घातलेला नियम.

बायांनी आपल्या चटया कशा उचलल्या ते मला मागून दिसत होतं. कुणी आरडाओरडा केला नाही. एकेकीनं ढिगातनं आपापली काढली. सुमैरानं आईची चटई काढली, ती सगळ्यांत खाली होती. तिच्या ओढणीला डिझेल लागलं. आल्या तशा गेल्या. मालनबाईची जागा पाचव्या रांगेत होती, तिला कुणी हात लावला नव्हता. तरी ती उठली, फ्लेक्सची घडी घातली आणि त्यांच्या मागं गेली. ती तिच्या गल्लीतल्या बायांना काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण त्याही उठल्या. तुझ्या पाहुण्यांनी ते बघितलं का? त्यांना वाटलं असेल, गावात बायांना घरी कामं असतात.

आणि नाटक उशिरा सुरू झालं म्हणून तू पोस्टमनचा प्रवेश गाळलास. मला सांगितलं पण नाहीस. मी पिशवी लावून विंगेत उभा होतो. दुसरा अंक संपला, तिसरा संपला, टाळ्या झाल्या. त्या ड्रेसमध्येच मी घरी गेलो, काढायचं सुचलं नाही. आई अंगणात राखेनं चटई घासत होती. तिनं एकदा वर बघितलं. टोपी बघितली. परत घासायला लागली.

तेव्हापासून फोनवर ती जेवण विचारते, तब्येत विचारते, तिथं थंडी आहे का विचारते. चटईचं एक अक्षर नाही. सुमैराला तिच्या सासूनं परत कधी सोडलं नाही. आईची जबान गेली ना. माझ्यामुळं गेली, तुझ्यामुळं गेली, वाटून घ्यायचं तर घेऊ. पण मी माझा वाटा लिहून दिलाय. तुझा कुठंय?

आदिल


१५ फेब्रुवारी
कच्छ

ओंकार,

खाजाभाईला तू म्हणालास, "मला कुठलंच पत्र मिळालेलं नाही."

आपल्या गावात टपाल वाटायला आसारामभाऊ आहेत. तीस वर्षांत त्यांनी चुकीच्या घरात लग्नपत्रिका टाकली नाही. मी तुझ्यावर चिडलो होतो ते एका जागी, पण आसारामभाऊंवर ढकललंस, हे फार झालं. तुला सवयच लागली रे.

चार दिवसांनी रोजे सुरू होतील. ईदला घरी जाणार आहे. तुझ्याकडं येणार नाही.

आदिल


२९ मार्च, रविवार
कच्छ

ओंकार,

मी गावात पाच दिवस होतो. तू मला बाजारात लांबून बघितलंस आणि मोबाईलवर बोलायला लागलास. मोबाईल उलटा धरला होतास. हे चिडवायला लिहीत नाही, मला खरंच हसू आलं आणि बरं वाटलं. म्हटलं, ह्याला अजून लाज वाटते.

ईदच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी निघालो. आईला सांगितलं नाही. आमच्या गल्लीची छत्तीस घरं मी ओळीनं फिरलो, जसा चटयांसाठी फिरायचो तसाच, फक्त टेम्पो नव्हता. बऱ्याच जणींनी मला दारात बघितलं आणि बोलायच्या आतच म्हणाल्या, "नहीं है चटई." मी म्हणालो, चटई नको. त्या दिवशी चटया मी उचलल्या, माझ्या हातानं, नाटकात काम मिळणार होतं म्हणून. एवढं सांगायला आलोय.

सोपं नव्हतं. पहिल्या दोन घरांत माझी जीभच वळेना. ओट्यावर सात वाक्यं बोलायला दोन वर्षं तडफडत होतो आणि इथं तीन वाक्यं निघेनात.

कुणी शीरखुर्मा दिला, कुणी दिला नाही. परवेझची आई म्हणाली, "इतके दिन कां मर गया था?" आणि दोन वाट्या दिल्या. एकीनं नुसतं बरं म्हटलं. सुमैराच्या सासूनं पूर्ण ऐकून घेतलं आणि दार लावलं. जोरात नाही, हळू. आत सुमैरा होती, तिच्या बांगड्या ऐकू आल्या. तिला माझं बोलणं ऐकू गेलं असेल का, माहीत नाही. ते दार उघडलं नाही, ओंकार. अजून पण बंदच आहे. हे तुला कळावं म्हणून लिहितोय. सगळं गोड झालं असं समजू नकोस.

मग खालच्या गल्लीत मालनबाईकडं गेलो. ती लसूण सोलत बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "नवं सांग कायतरी."

"म्हंजे?"

"आरं, पडद्याच्या फटीतून तुजी टोपी दिसत हुती की. म्या तवाच वळिकलं, ह्यो टोपीपायी गेला. तुज्यावर राग न्हवता माजा. तुला अक्कल कवा हुती? राग त्या ओंकारचा. त्यो सकीनाच्या तोंडाकडं बघून बोलला. निदान खाली तरी बघायचं." मग एक पाकळी सोलून म्हणाली, "आनि त्या निळ्या चटया! मला वाटलं, दुकान टाकलं का काय त्यानं."

मी विचारलं, आता तू जाशील का परत? ती म्हणाली, "मी कशाला जाऊ? माजा फ्लेक्स तिकडं गेलाय का?"

घरी आलो तर आईला सगळं कळलं होतं. छत्तीस घरं, मी घरी पोचायच्या आत. ती चटई घेऊन दारातच बसली होती.

"चटई मांगने कू आया?"

"न्हई."

"फिर गल्ली में कायकू फिऱ्या?"

"बताने कू."

तिनं चटईचा जळका कोपरा चाचपला. मग म्हणाली, "मेरी चटई का मुझे कुछ नई रे. सब के नीचे कायकू डाला? छुपाया तू. मालूम था तुझे, गलत है." तिला ते दिसलं होतं. पंधरा महिने तिच्या मनात तेच होतं, उचललेलं नाही, लपवलेलं.

निघायच्या दिवशी तिनं चटई गुंडाळून माझ्या बॅगेला बांधली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "तू उधर पत्रे के घर में जमीन पे सोता. ले के जा. इधर मैं किस के सामने बिछाऊं?"

म्हणून ती आता इथं आहे. जळका कोपरा, मधोमध डिझेलचा डाग, राखेनं घासून घासून तिथला हिरवा रंग गेलाय. ऊन तापलं की अजून वास येतो. परवा संध्याकाळी ओडिशाची आणि झारखंडची पोरं बसली होती. कुणी गाणं म्हटलं, कुणी नक्कल केली. मी त्यांना सांगितलं, बसायला आपापलं आणा, कंपनीच्या खुर्च्या नकोत. कुणी टॉवेल आणला, कुणी सिमेंटची गोणी. मी पोस्टमन केला. सातही वाक्यं. मराठी त्यांना कळत नाही, तरी शेवटच्या वाक्याला तो झारखंडचा वॉचमन उठून उभा राहिला. माझा उच्चार त्याला बरोबर वाटला असावा.

आता तुझं. बारा तारखेला चौदा दिवस आहेत. मी येणार नाही, हे रागानं लिहीत नाही. मी आलो, चटया मागितल्या, तर काही जणी देतील पण. आणि मग त्या तुझ्या पाहुण्यांपुढं बसतील, तू पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढशील, आणि पुढच्या वेळी गाड्या राहात्यातून निघाल्या की परत कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवशील. मी आलो तर तुला जावं लागणार नाही. म्हणून येत नाही.

तू जा. कुर्ता घालू नकोस. मोबाईल खाजाभाईकडं ठेव. सकाळी दहा ते बाराच्या मध्ये जा, तेव्हा बाया घरात असतात आणि पुरुष नसतात, म्हणजे त्या मोकळं बोलतात. सुरुवात सुमैराच्या सासूपासून कर. दार उघडणार नाही. दाराशी उभा राहून सांग, मी उचलायला लावल्या आणि सकीनामावशीशी खोटं बोललो. आतून उत्तर आलं नाही तरी पुढच्या घरी जा. चटई मागू नकोस. कुणी दिली तर दोन्ही हातांनी घे आणि तू स्वतः नेऊन टाक, पोरांना सांगू नकोस.

शेवटी आमच्या घरी जा. आई म्हणेल, चटई नाही. ती खरं बोलत असेल. तिची चटई ओट्यापुढं यायची असेल तर मला निरोप धाडून यायची नाही, तिला विचारावं लागेल. ती म्हणाली की ये, तर मी येईन. काखेत घेऊन येईन, तिची तिला देईन, ती तिच्या हातानं टाकेल.

हे पत्र साधं टाकत नाही. इथल्या पोस्टात गेलो आणि म्हणालो, रजिस्टर करा. तो म्हणाला, रजिस्टर बंद झालं, आता स्पीड पोस्टच. मी विचारलं, घेणाऱ्याची सही घेतात का? म्हणाला, घेतात.

म्हणजे आसारामभाऊ तुझ्या दारात येतील, त्यांचा मोबाईल पुढं करतील, बोटानं सही कर म्हणतील. कदाचित तू म्हणशील, मला नको. त्यासाठी माझं सातवं वाक्य तूच लिहून ठेवलंयस. त्यात बाप दाराच्या आत उभा असतो, लेकीचं पत्र हातात घेत नाही, आणि पोस्टमन जाता जाता म्हणतो:

"घेऊ नका हवं तर. पण आलंय, हे आता तुम्हाला कळलंय."

आदिल